तिसऱ्या बंदरावरचा माणूस

बोटीवर, ३ जून, दुपार

चिरंजीव,

आशीर्वाद तुझी आई दर रविवारी फोनवर देतेच, त्यात माझे धरून चाल. वेगळे काढत बसत नाही.

सहा वर्षांनी लिहितोय म्हणून हुरळून जाऊ नकोस. मला लिहायला बसवलंय. बोटीवर पाय ठेवल्यापासून तुझ्या आईचा धोशा चाललाय, "पोरानं एवढ्या हौसेनं तिकिटं काढून दिली, आभाराच्या दोन ओळी लिहा की. हात झिजतो का?" तर या त्या दोन ओळी. तिकिटं मिळाली. आभारी आहे.

कागद अजून बराच उरलाय. केबिनच्या टेबलावर कंपनीनं ठेवलाय, वर बोटीचं चित्र आहे, चित्रातली बोट खऱ्या बोटीपेक्षा पांढरी आहे. वाया घालवायचा नाही म्हणून पुढे लिहितो.

केबिन तिघांची आहे. उद्या नाही, परवा दुसऱ्या बंदरावर तू चढणार, म्हणून खिडकीजवळचा बिछाना तुझ्यासाठी राखून ठेवलाय. घरून आणलेली चादर काढून तुझ्या आईनं त्यावर अंथरली, चारी कोपरे खोचले, वर हात फिरवला. म्हणे, "त्याला खिडकी लागते." मी म्हटलं, "बेचाळीस वर्षांचा झालाय तो. खिडकीसाठी भोकाड पसरणार नाही." त्यावर ती माझ्याशी तासभर बोलली नाही. मला काय, मी वरचा बिछाना घेतलाय. या वयात शिडी चढून झोपायला जातोय, तुझ्या कृपेनं.

जेवणघरात आमचं टेबलही तिघांचं. दुपारी वाढपी तिसरी ताटली उचलायला आला तर हिनं त्याचा हात धरला. "राहू दे. मुलगा येतोय परवा." वाढपी म्हणाला, "मग परवा मांडतो की, बाई." पण ताटली राहिली. मी त्या ताटलीकडे बघत जेवलो.

प्रवासी बहुतेक आमच्यासारखे निवृत्त. रेलिंगला टेकून फोटो काढतात, हसतात, आणि मला तेवढ्यात कुणाची कवळी कशी बसली आहे ते कळतं. एवढी वर्षं दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून दिल्या, आता डोंगर बघायला बसवलं तरी नजर माणसांच्या तोंडातच जाते. शेजारच्या टेबलावर एक नर्सबाई आहेत, त्याही निवृत्त, एकट्याच आल्यात. दात स्वतःचे आहेत.

बोट सुटताना भोंगा वाजला तशी तुझी आई हसायला लागली. त्या नर्सबाईंना सांगितलं, "आमच्या मुलाला लहानपणी भोंग्या म्हणायचो. रडायला लागला की तीन घरं जागी व्हायची." नर्सबाईंनी विचारलं, "आता काय म्हणता?" तर म्हणे, "आता पण तेच."

बाकी ठीक. चढताना तुझी आई फळीवर अडखळली, गुडघा खरचटलाय. चपला नव्या आहेत, त्यांचा दोष. जेवताना सूप वाटीच्या बाहेर ओतलं, बोट हलते म्हणून. बोट तेव्हा धक्क्यालाच बांधलेली होती, पण हलते. तू विचारलंस तर तीही हेच सांगेल.

बोटीवर, ५ जून, संध्याकाळ

चिरंजीव,

परवाचं पत्र टाकलंत का म्हणून सकाळी तिनं विचारलं. टाकलं म्हणालो. ते माझ्या कोटाच्या खिशात आहे. हेही तिथेच जाईल बहुतेक.

तू आला नाहीस ते तुला ठाऊक आहे. आमच्या बाजूनं ते कसं झालं ते तुला ठाऊक नाही, म्हणून लिहितो.

सकाळपासून तयार होऊन बसली होती. राखाडी कोट घातला होता, तोच, ज्याच्या कोपरावरचं रफू तिनं स्वतः केलं होतं आणि कुणालाही शोधून दाखवा म्हणायची. बोट धक्क्याला लागायच्या आधीच जिन्याशी जाऊन उभी. बाकीचे प्रवासी बसमधून कुठला तरी किल्ला बघायला गेले. आम्ही धक्क्यावरच्या तिकीटखिडकीसमोर बाकावर बसलो. समोर बस थांबायची, माणसं उतरायची.

"अहो, तो का?"

"नाही."

"आणि तो? बॅगवाला?"

"ती बाई आहे."

"अगबाई!" म्हणाली आणि इतकी हसली की मलाही हसावं लागलं. मग पुन्हा पुढची बस. प्रत्येक उंच माणसाला अर्धवट उठायची. मी तिची कोटाची बाही धरून ठेवली होती, रस्त्यात जाईल म्हणून.

बोटीचा पहिला भोंगा झाला तेव्हा तिच्या फोनवर तुझा निरोप आला. अक्षर बारीक आहे म्हणून मला वाचायला दिला. "आई, अचानक मीटिंग लागली. तिसऱ्या बंदरावर नक्की. बाबांचं डोकं फिरू देऊ नकोस." मी वाचून दाखवला, शेवटचं वाक्य गाळून.

"बघा," ती म्हणाली, "येणार आहे. कामाचा माणूस आहे तो. तुम्हाला काम म्हणजे काय ते कळायला हवं."

मला कळतं. मीही कामाचा माणूस होतो. तुला कांजण्या आल्या तेव्हा एका गृहस्थांची कवळी अर्धवट टाकून घरी आलो होतो. ते बिचारे मुलीच्या लग्नात तोंडावर रुमाल धरून उभे होते. शिव्या खाल्ल्या मी त्यांच्या, आणि मला त्याचं आजही काही वाटत नाही.

लग्नावरून आठवलं, नाही, आठवलं असं कसं म्हणू. विसरतो कुठे. पाकिटातून एक फोटो आला होता. तू, ती मुलगी, मागे दोन साक्षीदार, आणि फोटोच्या पाठीवर तुझ्या अक्षरात, "कळवायला उशीर झाला." तुझी आई तो फोटो हातात घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू ठेवून उभी राहिली. मी फोनवर तुला म्हटलं, आता नातवंडंही फोटोतूनच पाठव. तू फोन आपटलास. मीही आपटला. त्यानंतर तुम्ही मायलेक फोनवर बोलता आणि मी पलीकडच्या खोलीत पेपर धरून बसतो. पेपर वाचत नाही. तू कधी "बाबा कुठेत?" म्हणतोस ते ऐकू येतं. "आहेत की," ती म्हणते. मी उठत नाही आणि तू बोलावत नाहीस. छान चाललंय.

दुपारी बोट त्या खाडीत शिरली जिच्यासाठी तू एवढी तिकिटं काढलीस. माहितीपत्रकात तिला फ्योर्ड म्हटलंय, माझ्या जिभेला तो शब्द बसत नाही. दोन्ही बाजूंना कडे, पाण्यातून सरळ वर गेलेले, मधे जेमतेम बोटीपुरती वाट असावी असं वाटतं, आणि वळण घेतलं की पुन्हा नवे कडे. बायकापुरुष "आहा, आहा" करत या बाजूकडून त्या बाजूला धावत होते. तुझी आई खुर्चीत बसली होती.

नर्सबाई माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. हळूच म्हणाल्या, "किती दिवस झाले यांना?"

"कशाला?"

"मी डोळ्यांच्या वॉर्डात आयुष्य काढलंय. त्या तुमच्याशी बोलताना तुमच्या कानाकडे बघतात."

मी म्हटलं, "सवय आहे तिला. लग्न झाल्यापासून कानच धरलाय माझा."

त्या हसल्या नाहीत. मीच तिथून उठून गेलो.

हे तुला लिहायचं नव्हतं. पुन्हा नवा कागद घ्यायचा कंटाळा आलाय म्हणून राहू देतो.

बोटीवर, ६ जून, दुपार

आज तुझी आई तुला भेटली. तू तिथे नव्हतास, पण भेटली.

नीट सांगतो. 

तिसरं बंदर म्हणजे एक लाकडी धक्का, चार दुकानं आणि कड्याखाली चेपलेली घरं. बोट लागली, फळी टाकली, आम्ही सगळ्यांत आधी उतरलो. धक्क्याच्या टोकाला एक माणूस उभा होता. तुझ्या वयाचा, तुझ्या उंचीचा. डावा खांदा तुझ्यासारखाच जरा पडलेला. हातात फुलांचा मोठा गुच्छ होता. त्यानं आमच्याकडे बघून हात हलवला. आमचा फोटो त्याच्याजवळ होता, तूच पाठवलेला, हे नंतर कळलं.

तुझी आई म्हणाली, "आला." आणि माझा हात सोडला.

गेले कित्येक महिने ती माझ्या कोपराला धरल्याशिवाय घराचा उंबरा ओलांडत नाही. ती बाई त्या ओल्या फळ्यांवरून जवळजवळ पळत गेली आणि त्या माणसाच्या गळ्यात पडली. "भोंग्या! किती वाळलास रे! जेवतोस का नाही?" दोन्ही हात त्याच्या पाठीवर. त्यानं गुच्छ लांब धरलेला, चुरगळू नये म्हणून. बाजूचे लोक कौतुकानं बघत होते. एकानं फोटो काढला.

मी मागे होतो. मला हाक मारता आली असती. "अगं, तो नव्हे" एवढंच म्हणायचं होतं. नाही मारली. मिठीत ती जरा वळली होती, मला तिथून तिचा चेहरा दिसत होता. जितका वेळ चालेल तितका चालू दे, असं वाटलं. मूर्खासारखं वाटलं, पण वाटलं.

मग तो बोलला. "बाई... मी प्रवास कंपनीचा माणूस आहे. साहेबांना यायला जमलं नाही. त्यांनी फुलं पाठवली आहेत."

तिचे हात त्याच्या पाठीवर होते तिथेच थांबले. लगेच सोडलं नाही तिनं त्याला. पाठीवर दोनदा थोपटलं, मग मागे झाली, कोट सारखा केला, आणि म्हणाली, "असू दे, असू दे. तुम्हाला उगाच घाबरवलं मी. चहा घेऊन जा हं." असं, जणू तो आपल्या दारात आलाय.

त्या माणसाचा चेहरा लालबुंद झाला होता. गुच्छ माझ्या हातात देताना म्हणाला, "काका, माफ करा." त्यानं कशाची माफी मागायची? गुच्छाला चिठ्ठी होती, छापलेली. "प्रिय आईबाबांना सुखद प्रवासाच्या शुभेच्छा." छापलेली, बरं का.

ती केबिनमध्ये येऊन तुझ्या बिछान्यावर बसली. रडली नाही. मला म्हणाली, "फुलं पाण्यात ठेवा." ठेवली. मग म्हणाली, "मला वाटलं होतं तेवढं तरी अजून दिसतं."

आता सांगतोच. मी तिला शब्द दिला होता, तो मोडतोय.

गेल्या वर्षी तिला सुईत दोरा ओवता येईना. आम्ही चष्मा बदलला. मग रफूचा धागा कापडाच्या रंगाशी जुळेना, मग पेपरातल्या ओळींच्या मधलं मधलं गायब व्हायला लागलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या आतल्या पडद्याचा मधला भाग झिजतोय. कडेचं दिसत राहील, समोर बघाल ते पुसलं जाईल. इंजेक्शनं दिली, डोळ्यात, सुईनं. उजव्याला गुण आला नाही. डावा जरा धरून होता. डॉक्टर सरळ माणूस आहेत. म्हणाले, "चेहरे आधी जातात. ज्यांना बघून घ्यायचंय त्यांना बघून घ्या."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना ती म्हणाली, "भोंग्याला बोलावू या." आणि पाचव्यासहाव्या पायरीवर थांबून, "पण त्याला हे सांगायचं नाही. सांगितलं तर धावत येईल. तसा नकोय मला. आठवण आली म्हणून आला पाहिजे. शपथ घ्या."

मी घेतली. मला वाटलं, येईल की. आईनं बोलावल्यावर येणार नाही असा मुलगा नाही हा.

मग रविवारचे फोन. तुला आठवत असतील. "एकदा येऊन जा ना रे." "या महिन्यात जमेल का?" "बरं, पुढच्या?" पलीकडच्या खोलीत मी ऐकायचो. ती कधी गयावया करत नव्हती, हसतहसत विचारायची, म्हणून तुझ्या लक्षात आलं नसेल. ते जाऊ दे. मग एक दिवस पाकीट आलं. तिकिटं. "तुम्ही दोघं कधी कुठे गेला नाहीत. मस्त निसर्ग बघून या, मी मधे येऊन भेटतो."

तिनं तुझा चेहरा मागितला होता. तू डोंगर पाठवलेस.

बोटीवर, ७ जून, दुपार

कालचं पत्र वाचून पाहिलं. फाडणार होतो. नाही फाडलं.

आज सकाळी खाडीचा सगळ्यांत अरुंद भाग आला. कप्तानानं बोट अगदी हळू केली आणि तोंड धबधब्याकडे वळवलं, इतकं जवळ की पुढे उभे असलेले लोक भिजले आणि ओरडले. मला वाटलं तुझी आई केबिनमधून बाहेर येणार नाही. तर कोट घालून तयार. "चला, रेलिंगपाशी न्या मला. पोरानं पाठवलंय, तर बघून घेऊ."

तिला रेलिंग धरून दिलं. म्हणाली, "सांगा आता काय आहे."

"डोंगर आहे."

"कसला?"

"उंच."

"एवढंच? दातातली केसाएवढी फट दिसते तुम्हाला, आणि एवढा डोंगर नुसता उंच?"

मग मी सांगायला लागलो. म्हटलं, दाढेसारखा आहे. वरून झिजलेला, खाली हिरड्यासारखी गर्द झाडी, त्यातून वर आलेला. कड्यावर पिवळे डाग आहेत, कुणी आयुष्यभर विडी ओढल्यासारखे. वरच्या खाचेत बर्फ भरलाय, घाईत सिमेंट भरतात तसा, नीट घासलेला नाही. पाण्याशी एक छोटं पिवळं घर आहे, त्याला रस्ता नाही, दाराशी नाव बांधली आहे. ती हसत होती. "डोंगरातही तोंडंच दिसतात हो तुम्हाला," म्हणाली. "मला कडेकडेनं दिसतंय तसं. दोन्हीकडचे डोंगर दिसतात. मधलं पाणी तेवढं कुणी खोडरबर फिरवल्यासारखं."

नर्सबाई पलीकडे उभ्या होत्या. त्यांनी येऊन स्वतःचा रुमाल हिच्या डोक्याला बांधला, तुषार येत होते म्हणून, आणि काही न बोलता परत गेल्या.

बोट धबधब्यापासून मागे फिरली तेव्हा तुझी आई म्हणाली, "आता त्याचं सांगा."

"कुणाचं?"

"भोंग्याचं. आता कसा दिसतो?"

डोंगराचं सांगता आलं होतं. सहा वर्षांत मी तुला बघितलंय कुठे? वर्षाच्या सुरुवातीला तू फोटो पाठवला होतास, तिच्या फोनवर, तोच आठवत सांगू लागलो. "केस मागे गेलेत. कपाळ मोठं झालंय, माझ्या वडिलांचं होतं तसं. डोळ्यांखाली काळं आहे. जागत असेल."

"आणि?"

"आणि पुढच्या दाताचा टवका नाही आता."

तुला आठवतं का, माझ्या कवळ्यांच्या कारखान्यातल्या स्टुलावरून पडला होतास. तोंड रक्तानं भरलेलं, आणि तू रडण्याऐवजी तो दाताचा तुकडा शोधत होतास, बाबा चिकटवतील म्हणून. मी म्हटलं होतं, मोठा झालास की छान करून देतो. मग तू शिकायला गेलास, मग नोकरीला. त्या फोटोत पहिल्यांदा तू हसलेला दिसलास आणि दात पूर्ण होता. काम चांगलं आहे. रंग एक छटा जास्त पांढरा घेतलाय, मी घेतला नसता. तुझ्या आईला तेव्हाही ते दिसलं नव्हतं आणि मी बोललो नव्हतो. घरातलं काम बाहेर दिलंस, एवढंच मनात आलं होतं.

ती पाण्याकडे तोंड करून म्हणाली, "बुजवला म्हणजे."

"हो."

"मला आवडायचा तो टवका." मग थोड्या वेळानं, "मग राहू दे. नवीन नको सांगू मला काही. माझ्याजवळचा आहे तो बरा आहे."

चुकून मला अरेतुरे केलं तिनं. लग्नानंतर पहिल्यांदाच असेल.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा वाढप्याला तिनंच बोलावलं. तिसऱ्या ताटलीवर बोट ठेवून म्हणाली, "ही घेऊन जा रे." त्यानं नेली.

घरी, २३ जून

चिरंजीव,

मंगळवारी फोन वाजला तेव्हा ती अंघोळीला गेली होती. रविवार नव्हता म्हणून मी उचलला. तुझा असेल असं वाटलं असतं तर उचलला असता का, माहीत नाही.

"बाबा?"

"बोलतोय."

"आईला काय झालंय? तो कंपनीचा माणूस म्हणाला..."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, साहेब, तुमच्या आईंना दिसत नाही, तुम्हाला माहीत असेलच. मी हो म्हटलं."

म्हणजे परक्यासमोर लाज राखलीस. तेवढं शहाणपण आहे.

मी तुला सगळं सांगितलं. या कागदांत आहे त्याहून कमीच. तू म्हणालास, "मला का नाही कळवलंत?" मी म्हटलं, "तिनं शपथ घातली होती." त्यावर तू जे बोललास ते मी रोज घोळवतोय. "इतकी वर्षं तिचं एक ऐकलं नाहीत, बाबा. नेमकं हेच ऐकलंत?"

तुला बोलायचा अधिकार नव्हता, तरी ते खोटं नव्हतं.

तेवढ्यात ती ओल्या केसांनी आली, भिंतीला हात लावत. तिनं माझ्याकडून फोन घेतला. कुणाचा आहे ते विचारलंही नाही. तू रडत होतास, ते मला दोन हातांवरून ऐकू येत होतं. ती तुला समजावत होती. "फुलं सुरेख होती रे. आठ दिवस टिकली. आणि तो माणूस इतका भला! ...नाही रे. काही बिघडलं नाही. कामं उरकून ये. मी कुठे पळून चाललेय?" पदराआड सगळं झाकायची तिची जुनी सवय, तुला ठाऊक आहे, आता तर आवाजातच झाकते.

लगेच येतो म्हणालास. मग लगेच म्हणजे तिमाही संपल्यावर, असं झालं. मला वाटतं तुला स्वतःलाही ते ऐकू आलं असेल, कारण तू मधेच थांबलास. पण तारीख बदलली नाहीस.

काल तिला डॉक्टरांकडे नेलं होतं. डावा डोळाही आता उजव्याच्या मागे चाललाय. खिडकीचा उजेड कळतो. दाराची चौकट कळते. तू येशील तेव्हा चौकटीत कुणीतरी उभं आहे, एवढं तिला कळेल.

म्हणून काही गोष्टी सांगून ठेवतो. घरात शिरताना आधी बोल, मग तिच्याजवळ जा. न बोलता तिच्यापुढे उभा राहू नकोस. खुर्ची सरकवलीस तर उठताना जागेवर ठेव, ती पावलं मोजत नाही पण वस्तूंच्या भरवशावर चालते. तिच्या समोर बसू नकोस. समोर बसलास तर तिच्या लेखी तू नसतोस. तिच्या डावीकडे, जरा मागे सरून बस. कडेनं काहीतरी लागेल तिच्या नजरेला, खांदा, कान, केसांची कड. ती तुझ्याकडे न बघता दुसरीकडेच बघतेय असं वाटेल. तेव्हाच ती तुझ्याकडे बघत असते. हे मला कळायला वर्ष लागलं, तुला कागदावर फुकट मिळतंय.

सुनेलाही आण. तिला आम्ही फोटोत पाहिलंय, फोटो आता कामाचा नाही. तुझ्या आईला तिचा आवाज ऐकू दे.

बोटीवरची पत्रं सोबत घालतोय. तिला अजून वाटतं की मी आभाराच्या दोन ओळी लिहून पाठवल्या. तू आलास की त्याबद्दल बोलू नकोस. तिच्यासमोर मीही काही बोलणार नाही. दार मी उघडेन, तुझी बॅग घेईन, आणि तू मला काय म्हणायचं ते म्हण किंवा म्हणू नकोस.

ती फोनवर तुला म्हणाली, काही बिघडलं नाही.

बिघडलंय. तरी ये.

बाबा